तुम्हाला कळेलच

शिंप्याकडे जाऊन ‘एक शर्ट शिवा, माप तुमचं तुम्हाला कळेलच’ असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शिंप्यापुढे माणूस मुकाट्याने हात पसरून उभा राहतो, खांदा मोजून घेतो, गळा मोजून घेतो, वर ‘दंडात जरा सैल ठेवा’ हेही आठवणीने सांगतो. हाच माणूस माझ्याकडे आला की त्याची वाचा बसते. काम काय, कुणासाठी, किती शब्दांत, कधीपर्यंत आणि पैसे किती, या सगळ्या प्रश्नांना मिळून त्याच्याकडे एकच उत्तर असतं. ‘तुम्ही लेखक आहात. तुम्हाला कळेलच.’

मी स्वतंत्र लेखक आहे. स्वतंत्र म्हणजे पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी आणि दिवाळीचा बोनस यांच्यापासून स्वतंत्र. कुठल्या सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल, कुठल्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, कुणाचं मानपत्र, कुणा बिल्डरचं ब्रोशर, असं येईल ते लिहून देतो. त्यावर माझं नाव नसतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘निसर्गाच्या कुशीत, स्टेशनपासून सात मिनिटांवर’ या वाक्याखाली नाव नसलेलंच बरं. तक्रार वेगळी आहे. ज्याच्याकडून शब्द विकत घ्यायचे, त्याला स्वतःचा एकही शब्द द्यायचा नाही, असं काही परिपत्रक माझ्या नकळत निघालेलं आहे आणि त्याची अंमलबजावणी फार काटेकोर चालली आहे. पुरावे क्रमाने सादर करतो. तुम्ही चहा घेत राहा.

एका संस्थेच्या अध्यक्षांनी स्मरणिकेसाठी स्वतःचं मनोगत माझ्याकडून लिहून मागितलं. यात वावगं काही नाही. आपल्याकडे बरीचशी मनोगतं दुसऱ्याच्याच मनात तयार होतात. मी वही उघडून विचारलं, ‘साहेब, आपल्या मनात साधारण काय आहे?’ साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. टेबलाच्या काचेखालचा तिरुपतीचा फोटो पाहिला. मग म्हणाले, ‘तेच तर तुम्ही सांगायचंय.’

मी लिहून नेलं. साहेबांनी चष्मा लावून संथपणे वाचलं, मान डोलावली. ‘भाषा छान आहे. पण हे माझ्या मनातलं वाटत नाही.’

‘मग मनातलं काय ते सांगता का?’

‘ते असं सांगता नाही येत. पण हे नाही.’

पुढे बरेच मसुदे झाले. प्रत्येक मसुदा ‘हे नाही’ या शेऱ्यानिशी परत आला. अखेरीस मी कपाटातून जुनी स्मरणिका काढली, आधीच्या अध्यक्षांच्या मनोगतातल्या सनावळ्या बदलल्या, ‘रौप्य’च्या जागी ‘सुवर्ण’ घातलं आणि तेच पाठवून दिलं. साहेबांचा स्वतः फोन आला. म्हणाले, हे मात्र अगदी आतून आल्यासारखं वाटतंय.

अध्यक्ष निदान समोर बसून गप्प राहतात. बाकीचे लोक विशेषणांत बोलतात. जरा हटके लिहा. वजनदार हवं, पण जड नको. भावनिक असू द्या, रडकं होऊ देऊ नका. पुण्याच्या माणसाला आपलं वाटलं पाहिजे, पण नागपूरलाही चाललं पाहिजे. यातलं ‘जरा’ म्हणजे नेमकं किती, याचं प्रमाण वैधमापन खात्याने अद्याप ठरवून दिलेलं नाही. रॉकेलचं माप तपासणारा निरीक्षक येतो, पेट्रोलच्या पंपाला सील लावतात. ‘जरा’ मात्र महाराष्ट्रात कुणीही कितीही वापरावं, विचारणारं कुणी नाही.

आता संपर्कसाधनांकडे वळू. व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायची सोय २०१३ साली आली. तेव्हापासून लेखी सूचना हा प्रकार माझ्या आयुष्यातून क्रमाक्रमाने हद्दपार झाला. पूर्वी माणूस निदान ‘दुसरा परिच्छेद लहान करा’ एवढं तरी लिहायचा. आता तोंडाजवळ फोन धरतो आणि चालू लागतो. चालता चालता बोलतो. बोलता बोलता जगतो.

दुसऱ्या एका साहेबांचा असा एक निरोप नमुन्यादाखल ऐका. लांबी साधारण एक चहा. सुरुवातीला ‘नमस्कार, कसे आहात’, त्यावर माझ्या उत्तरासाठी सोडलेली जागा. त्यानंतर कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खड्ड्यांबाबत निवेदन. मग रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बाचाबाची, ज्यात रिक्षावाल्याची बाजू मला जास्त पटली. पुढे, ‘एक मिनिट हां... दोन वडापाव दे, एकात सुकी चटणी नको’. मग काही काळ फक्त चावणं. आणि अगदी शेवटी, आवाज गंभीर करून, ‘बाकी सगळं ठीक आहे. फक्त एक महत्त्वाचं. ते दुसऱ्या पानावर आपण जे घेतलंय ना, ते अजिबात...’ आणि इथे डोंबिवली स्टेशनच्या बाईंनी फलाट क्रमांक दोनवर येणाऱ्या गाडीची घोषणा तिन्ही भाषांतून केली. घोषणा संपली तेव्हा साहेब ‘चला, ठेवतो’ म्हणत होते.

अजिबात काय? अजिबात काढू नका, की अजिबात ठेवू नका? मी तो शेवटचा तुकडा कानाला लावून ऐकला, इअरफोन घालून ऐकला, बायकोला ऐकवला. तिचं मत पडलं की त्यांना मुळात वडापावच अजिबात नको होता. मी रीतसर लिहून विचारलं, ‘दुसऱ्या पानाबाबत आपली सूचना ऐकू आली नाही, कृपया दोन शब्दांत लिहाल का?’ उत्तर आलं, ‘त्यात सगळं सांगितलंय. पुन्हा ऐका.’

असे निरोप दुप्पट वेगाने ऐकायची सोय २०२१ मध्ये झाली. त्यामुळे जे पूर्वी चार मिनिटांत कळत नव्हतं, ते आता दोन मिनिटांत कळत नाही. ही बचत मी अमान्य करत नाही. दुसऱ्या पानाचं म्हणाल तर मी ते अर्धं काढलं आणि अर्धं ठेवलं. साहेब पाहून खूश झाले. म्हणाले, ‘बघा, कळतं की तुम्हाला!’

आणखी एक वर्ग आहे, जो ‘कॉल करू का?’ असं लिहितो. हा प्रश्न नसतो, ही पूर्वसूचना असते. मी ‘हो’मधला ‘ह’ टाइप करेपर्यंत फोन वाजायला लागलेला असतो. फोनवर ते सांगतात की सविस्तर मेल करतो. मेल येतो. विषयाच्या जागी ‘मेल’ असं लिहिलेलं असतं, मजकुराच्या जागी काही नसतं आणि सोबत हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो असतो, तिरका, पंख्याने उडत असताना काढलेला, खालच्या दोन ओळींवर पाठवणाऱ्याचा अंगठा.

कार्यालयीन कामकाजाचं हे असं. पण माझं कार्यालय घरीच असल्यामुळे एका अतिरिक्त खात्याचा कार्यभार माझ्याकडे आलेला आहे. आमच्या विंगमधले कमावते लोक सकाळच्या फास्ट लोकलने निघून जातात. मागे उरतो तो मी. मी खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत असतो, तेव्हा त्याला काम म्हणतात, हे प्रमाणित करणारा सक्षम अधिकारी आमच्या इमारतीत नाही. त्यामुळे कुरियरची मुलं थेट माझ्याकडे येतात. ‘काका, चारशे तीनवाले नाहीत. तुमच्याकडे ठेवू?’ चारशे दोनच्या वहिनी गॅस सिलिंडरचा कोड मला परस्पर पाठवून ठेवतात. कोणताही शासन निर्णय न निघता मी आवक-जावक विभाग झालो आहे. रात्री लोक पार्सल न्यायला येतात आणि मनापासून म्हणतात, ‘तुम्ही घरीच असता म्हणून बरं.’

मध्यंतरी एका दुपारी मी एका बँकेची ‘सर्वांगीण प्रगती’ लिहीत होतो. ताळेबंदात ती दिसत नसल्यामुळे काम नाजूक होतं. तेवढ्यात चारशे दोनचा सिलिंडर, चारशे तीनचे बूट आणि चारशे चारची माती एकदमच दारात आली. हो, माती. कुंडीत घालायची मातीही आता पार्सलने येते. चार मजले उतरलं की पायाखाली फुकट मिळते, पण ती बहुधा ब्रँडेड नसावी. ते असो. मी सही करून ती पिशवी आत घेतली आणि सहज उलटी करून पाहिली. पाठीमागे बारीक अक्षरांत सूचना होत्या. पाणी किती घालावं, ऊन किती द्यावं, खत कधी घालावं, कोणत्या रोपांना चालते, कोणत्यांना चालत नाही. स्वच्छ, क्रमवार, लेखी. मी बराच वेळ दारातच उभा होतो. या देशात मातीला ब्रीफ मिळतं.

इमारतीचा विषय निघालाच आहे तर नोटिशीचंही सांगून टाकतो. आमचे सेक्रेटरी एका रविवारी वर आले. ‘तुम्ही लिहिता ना? पार्किंगची एक नोटीस द्या लिहून. दोनच ओळी.’ इथे प्रथमच कुणी मला शब्दमर्यादा दिली होती. मी भारावून गेलो आणि खरोखर दोनच ओळी लिहिल्या. ‘आपली गाडी आपल्याच जागेत लावा. दुसऱ्याच्या जागेत लावल्यास दंड होईल.’

हा मसुदा कमिटीपुढे गेला. अध्यक्ष म्हणाले, फार तोडून बोलल्यासारखं वाटतं, आधी ‘सन्माननीय सभासद’ घ्या. खजिनदार म्हणाले, ‘दंड’ शब्दाला सर्वसाधारण सभेची मंजुरी नाही. कायद्याने ती सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी असते. तेव्हा डिसेंबर चालू होता आणि सभेचा विषय निघताच सगळ्यांनी चहाचे कप उचलले. कमिटीतल्या एका ताईंचं म्हणणं पडलं की ‘दुसऱ्याच्या’ हा शब्द फार सूचक आहे, कारण दुसऱ्याच्या जागेत कोण लावतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यांना लागेल. ‘आपल्याच’मधला ‘च’ टोचतो, यावर सर्वांचं एकमत झालं. तो काढला. ‘लावा’ ही आज्ञा होते म्हणून ‘लावावी’ झालं, ‘लावावी’त आपण त्यांचे मालक असल्यासारखं वाटतं म्हणून ‘लावण्यात यावी’ झालं. शेवटी फलकावर जे लागलं ते असं: ‘सर्व सन्माननीय सभासदांना नम्रपणे सूचित करण्यात येते की, वाहनांबाबत योग्य ती दक्षता घेण्यात यावी, जेणेकरून कोणाचीही गैरसोय होणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी. आदेशावरून.’

कुणाचा आदेश, कसली दक्षता, याचा पत्ता त्यात कुठेही नाही. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, त्यांनी आपली पांढरी गाडी नेहमीप्रमाणे दुसऱ्याच्या जागेत लावली, उतरून फलक सावकाश वाचला आणि म्हणाले, ‘वा, कुणी लिहिलंय?’ सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून ते गृहस्थ मला लिफ्टमध्ये आदराने नमस्कार करतात.

लिहिलेलं मंजूर झालं की ते छापायला जातं. तुम्हाला वाटेल, इथे तरी सुटलो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरी तिच्यात पहिल्या दिवसापासून आहे. ही बातमी काही छापखान्यांपर्यंत पोहोचायची आहे. तिथे अजून जुने फाँट चालतात, ज्यांत प्रत्येक मराठी अक्षर एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर पोटभाडेकरूसारखं राहतं. मी पाठवलेला मजकूर तिथला डीटीपी ऑपरेटर त्या फाँटमध्ये बदलून घेतो. या बदलीत काही कर्मचारी रुजू होतात, काही वाटेत गळतात. ‘ॲ’ हा नेहमी गळणाऱ्यांपैकी. पण सर्वांत वाईट अवस्था ‘दुसऱ्या’मधल्या त्या आडव्या अर्ध्या ‘र’ची. त्याला तसाच आडवा ठेवायचा तर टायपिंगच्या काही पद्धतींत आत एक न दिसणारं चिन्ह घालावं लागतं. न दिसणाऱ्याची कदर कोण करतो? बदलताना ते चिन्ह उडतं, आणि ‘र’ उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

झालं असं की मनोगतवाल्या अध्यक्षांच्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या वृत्तांतात मी लिहिलं होतं, ‘स्नेहभोजनासाठी आचाऱ्यांनी पहाटेपासून मेहनत घेतली.’ छापून आलं, ‘आचार्यांनी पहाटेपासून मेहनत घेतली.’ त्या संस्थेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक आचार्य आहेत. त्यांनी फोन करून अतिशय सौम्यपणे विचारलं की त्या दिवशी पहाटे आपण सांगलीला होतो, तर आपल्या नावावर ही मेहनत कोणी मांडली. मी त्यांना न दिसणाऱ्या चिन्हाबद्दल सांगू लागलो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘म्हणजे चूक दिसते, पण कारण दिसत नाही.’ पाणिनीनंतर इतक्या कमी शब्दांत कुणी बोललेलं मला माहीत नाही. आणि असा माणूस मला कधी गिऱ्हाईक म्हणून मिळत नाही.

आता पैशांचा विषय. चहा संपला असेल तर दुसरा सांगा, कारण हे प्रकरण प्रलंबित आहे.

काम मागताना ज्यांना एक ओळ लिहायचा कंटाळा असतो, त्यांच्या हिशेब विभागाला माझ्याकडून अचानक फार लेखी साहित्य लागतं. वेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म, पॅनकार्डाची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक. पैसे मिळण्याची पहिली अट म्हणजे आपण चेक रद्द करून द्यायचा. मी तो उभ्या उभ्या रद्द करून देतो. रद्द न केलेला देण्याची पाळी त्यांच्यावर आली की सह्यांचे अधिकारी परगावी जातात. शिवाय जीएसटी नंबर नाही म्हणून तसं हमीपत्र. सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत नोंदणी लागत नाही. त्या २० लाखांच्या उंबरठ्याबद्दल मी चांगलं ऐकून आहे. व्यावसायिक शुल्कातून १० टक्के कर मुळातच कापायचा, हे मात्र त्यांना न सांगता कळतं. तिथे ‘जरा’ नाही, ‘बघू’ नाही. दहा म्हणजे दहा.

उरलेल्या नव्वदसाठी हिशेब विभागाचं स्वतःचं पंचांग असतं. एप्रिलमध्ये मार्चअखेरचं काम उरकायचं असतं. श्रावणात सिस्टिम बदलत असतात. भाद्रपदात साहेब गणपतीला कोकणात गेलेले असतात, त्यानंतर ऑडिट, आणि मग सगळं ‘दिवाळीनंतर’ या महिन्यात ढकललं जातं, जो कुठल्याच कॅलेंडरात नाही. मधल्या काळात बिल ‘प्रोसेसमध्ये’ असतं. मी एकदा विचारलं होतं की प्रोसेसमध्ये म्हणजे नेमक्या कुणाच्या टेबलावर. पलीकडची मुलगी गोंधळून म्हणाली, ‘सर, टेबलावर नाहीये, प्रोसेसमध्ये आहे.’

कायदा मात्र माझ्या बाजूने आहे, आणि हेच दुःख मोठं आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो की छोट्या पुरवठादाराचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावेत आणि ती मुदत कितीही ताणली तरी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल, तर १५ दिवस. आता लक्ष द्या. मला आजवर कुणी लेखी काही दिलेलं नाही. म्हणजे मला ‘तुम्हाला कळेलच’ म्हणणारा प्रत्येक माणूस कायद्याने १५ दिवसांत बांधलेला आहे! चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ, व्याज. मी उद्यम नोंदणी केलेली आहे, सूक्ष्म या वर्गात. त्याहून खाली वर्ग नाही. हा सगळा कायदा मी एका अकाउंटंटना फोनवर समजावून सांगितला. ते आदराने ऐकत होते. म्हणाले, ‘बरोबर आहे सर. पण आमच्याकडे सायकल ९० दिवसांची आहे.’

अशा थकबाकीची तक्रार करायला केंद्र सरकारने एक पोर्टल काढलं. त्याचं नाव ‘समाधान’. मी त्यावर जाऊन ते नाव वाचतो आणि परत येतो. कारण तक्रार केली तर जुनं बिल मिळू शकतं, पण नवं काम मिळत नाही, हे त्या अकाउंटंटना आणि मला दोघांनाही न सांगता कळतं. तूर्त चक्रवाढ व्याज मी मनातल्या मनात लावतो. त्या खतावणीप्रमाणे महाराष्ट्रातली एक शिक्षण संस्था आणि दोन बँका लवकरच माझ्या मालकीच्या होतील.

इथवरचं सगळं मी सोसत होतो, कारण समजूत अशी होती की लोकांना सांगताच येत नाही. माणूस मुका असेल तर त्याच्यावर रागावून कसं चालेल? ही समजूत गेल्या महिन्यात गेली.

घरगुती मसाले करणारे एक गृहस्थ माझे जुने गिऱ्हाईक. दरवेळी पाकिटामागचा मजकूर हवा असला की ‘मसाल्याबद्दल जरा छान लिहा’ एवढीच सूचना. या वेळी त्यांनी लिहिलं, ‘यंत्राकडूनच करून घेतलंय. तुम्ही फक्त नजरेखालून घाला. पाच मिनिटांचं काम.’ मजकुरासोबत, अनवधानाने, त्यांचं त्या यंत्राशी झालेलं सगळं संभाषण आलं. मी ते वाचलं. त्यात माझ्या त्या मुक्या गृहस्थांनी, स्वतःच्या बोटांनी, शुद्ध मराठीत टाइप केलेलं होतं: ‘आमचा गोडा मसाला आहे. दगडफूल आणि नागकेशर आम्ही इतरांपेक्षा जास्त घालतो, तीळ वेगळे भाजतो. घेणाऱ्या बहुतेक नोकरी करणाऱ्या बायका, ज्यांच्या घरी आई मसाला करायची पण त्यांना वेळ नाही. त्यांना अपराधी वाटेल असं काही लिहू नकोस. ऐंशी शब्द. आईच्या हाताची चव हे शब्द नकोत, सगळेच वापरतात. काही शंका असेल तर आधी मला विचार. धन्यवाद.’

काय लिहिलंय! एक शब्द वाया नाही. तीळ वेगळे भाजतात हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं. ‘आधी मला विचार’ हे तर मला घरातही कुणी म्हणालेलं नाही. यंत्राने पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘आईच्या हाताची चव आता प्रत्येक घरात’. त्यावर गृहस्थ भडकले म्हणाल तर तेही नाही. खाली त्यांचं उत्तर होतं: ‘हरकत नाही. पुन्हा प्रयत्न कर.’

मला आजवर ‘हरकत नाही’ मिळालेलं नाही. मला ‘हे नाही’ मिळतं.

मी मजकूर नीट करून दिला, तिळांसकट. सोबत मानधनाचा आकडा, देय दिनांक आणि १५ दिवसांचं कलम असा तीन ओळींचा लेखी निरोप पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. मग ‘टायपिंग’ असं दिसू लागलं. बराच वेळ दिसत राहिलं. यंत्राला गेलं तसं काहीतरी सविस्तर येतंय म्हणून मी खुर्ची सरसावून बसलो. आला तो एक अंगठा.

आता अंगठ्याचा अर्थ काय? वाचलं, की मान्य आहे? मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात २०२३ साली नेमक्या याच प्रश्नावर निकाल झालेला आहे. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवून ‘कन्फर्म करा’ म्हटलं. शेतकऱ्याने अंगठा पाठवला, जवस काही पाठवले नाहीत. कोर्टात त्याचं म्हणणं असं की अंगठा ही फक्त पोच होती. न्यायाधीशांनी तो अंगठा सही म्हणून धरला आणि त्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. पुढे अपिलातही तो निकाल टिकला.

हा सगळा दाखला मी मसालेवाल्या गृहस्थांना सविस्तर लिहून कळवला, साल, प्रांत आणि जवसासह. पुन्हा निळ्या खुणा. पुन्हा ‘टायपिंग’. त्यानंतर त्यांनी जोडलेले दोन हात पाठवले.

अंगठ्यावर निकाल आहे. जोडलेल्या हातांवर मी कुठल्या कोर्टात जाऊ?